फिरते घर घेण्याआधी चार गड पाहा



या आठवड्याच्या टपालात डोंबिवली पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा सांगते. यजमान येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. घरात सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. मुलगा नोकरीला लागलेला, लग्न व्हायचे आहे. यजमानांचे चुलत भाऊ इंग्लंडात असतात. सुट्टी मिळाली की ते आपली घरगाडी घेऊन वेल्स प्रांतातले जुने किल्ले पाहत हिंडतात आणि फोटो मोबाईलवर पाठवतात. ते पाहून यजमानांच्या मनाने घेतले आहे की, ग्रॅच्युइटीच्या पैशातून एक व्हॅन घ्यायची, आत खाटा, ओटा, संडास बसवून घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून महाराजांचे गड पाहायचे. भगिनी लिहितात, "ताई, गड पाहायची हौस मलाही आहे हो. पण तीस वर्षं एक ओटा सांभाळला, आता दुसरा चाकांवरचा सांभाळायचा का? नाही म्हटलं तर यांचा हिरमोड होतो, हो म्हटलं तर म्हातारपणाची शिदोरी गाडीत जाते. काय करू?"

प्रश्न एकटीचा नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेली कितीतरी घरे आहेत आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांची चर्चाही वाढली आहे. त्यात 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने शिवनेरी, लोहगड, रायगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यामुळे "गड पाहायचे, आणि तेही आपल्या फिरत्या घरातून" हे स्वप्न पुष्कळ यजमानांना पडू लागले असेल तर नवल नाही.

माझे उत्तर असे: हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. सहा महिन्यांची मुदत मागून घ्या आणि त्या सहा महिन्यांत चार गड पाहा. पहिले दोन घरगाडीशिवाय आणि पुढचे दोन भाड्याच्या घरगाडीतून. मग गाडी घ्यायची की नाही, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल. कारण गड म्हणजे तरी काय? वेढ्यात अडकले तरी चालले पाहिजे असे घर! पाणी मोजके, दाणागोटा मोजका, दार एकच आणि माणसे तीच ती. घरगाडीची गोष्ट अगदी तशीच आहे.

गड कोण चालवी?

आपण गडावर जातो, तोफ पाहतो, बुरुजावर फोटो काढतो आणि खाली येतो. गडाचे घर कसे चालत असे, ते पाहायचे राहून जाते. महाराजांच्या काळी गडाचा कारभार एकाच माणसाच्या हाती नसे. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, पहारा व शिबंदी सरनोबताकडे, जमाखर्च व हजेरी सबनिसाकडे आणि धान्याची कोठारे कारखानिसाकडे. एकटा कोणी फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यातला हेतू. पण आपल्या दृष्टीने त्यातले शहाणपण आणखी एक आहे. एकटा कोणी आजारी पडला, थकला, तरीही गड चालू राही.

आता आपल्या घराकडे पाहा. किल्ल्या कुठे आहेत? आईला विचारा. दुधाचा हिशेब? आईला विचारा. डाळ किती उरली? आईला विचारा. आजीच्या गोळ्या? तेही आईलाच! चारही कामदार एकाच पदराला बांधलेले. गावातल्या घरात हे खपून जाते. कोपऱ्यावर वाणी आहे, कामाला बाई येते, शेजारीण हाकेला आहे. चाकांवरच्या घरात यांतले कोणी नाही. तिथे सगळे एकटीवर आले, तर सहल बाकीच्यांची होते आणि तिची नुसती बदली होते, मोठ्या ओट्यावरून लहान ओट्यावर.

म्हणून पहिल्या गडाला निघण्याआधी घरात बसून कामाची वाटणी करा आणि कागदावर लिहून ठेवा. हवालदार : गाडीच्या किल्ल्या, दारे, कागदपत्रे. सरनोबत : रस्ता, मुक्कामाची जागा, रात्री दारे-खिडक्या पाहणे. सबनीस : पैसे आणि रोजचा हिशेब. कारखानीस : पाणी, शिधा, गॅस, औषधे. चार माणसे, चार कामे. प्रत्येक सहलीला कामे बदलायची. सासूबाईंनाही वगळू नका. बसल्या जागी सबनिसी त्या झकास करतील, आणि आपण अजून लागतो या भावनेने त्यांचे गुडघेही थोडे कमी दुखतील.

पहिला गड : दुर्गाडी, चार तास

पहिली सहल कल्याणच्या दुर्गाडीला. हसू नका. नवरात्रात जत्रेच्या गर्दीत आपण तिथे जातो, देवीची ओटी भरतो आणि परततो. किल्ला म्हणून तो कधी पाहतच नाही. ऑक्टोबर 1657 मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीकाठी जहाजे बांधण्याचा उद्योग सुरू झाला. मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ आपल्या या उल्हास खाडीत झाला, हे मुलांना खाडीकडे बोट दाखवून सांगावे.

ठाणेकर भगिनींना तर किल्ला दाराशीच आहे, पण तो आत जाऊन पाहता येत नाही. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचे मध्यवर्ती कारागृह. तेव्हा ठाणेकरांनीही दुर्गाडीलाच यावे.

या सहलीत शिकायचे ते एवढेच : चार तास घराबाहेर असताना कोणाला काय लागते. घरून निघताना कोणी काही मागायचे नाही, ज्याने त्याने आपली पिशवी आपण भरायची. बाईने सगळ्यांची भरायची नाही! मग कोण पाण्याची बाटली विसरला, कोणाला टोपी सुचली नाही, सासूबाईंना किती वेळाने बसायला लागते आणि किती वेळाने संडासची सोय लागते, हे सगळे वहीत टिपून ठेवा. पुढच्या मोठ्या प्रवासात हीच वही उपयोगी पडते.

दुसरा गड : वसई, पूर्ण दिवस

वसईचा किल्ला सपाटीवर आहे, चढ नाही, म्हणून सासूबाईंना न्यायला उत्तम. दिवा-वसई मार्गाने आगगाडी जाते. पण त्या मार्गावरच्या गाड्या मोजक्या, तेव्हा वेळापत्रक आधी पाहावे. वसई रोड स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत बस किंवा रिक्षा.

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी तटाच्या आत आख्खे शहर वसवले. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ते जिंकले. आज आत चर्चांच्या पडक्या भिंती, कमानी, विहिरी आणि झाडी आहे. नाशिकचे नारोशंकर, भीमाशंकर आणि वाईजवळची मेणवली इथे ज्या मोठ्या परदेशी घंटा आपण पाहतो, त्या वसईच्या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा. एवढे सांगितले की मुलांना पुढच्या तीन देवळांचीही ओढ लागते.

वसईचा दिवस हा शिध्याचा धडा. किल्ला संरक्षित आहे. अशा वास्तूंच्या आवारात चूल, स्टोव्ह पेटवता येत नाही, मुक्काम करता येत नाही आणि जेवायचेही परवानगी असेल तिथेच. भिंतीवर नाव कोरले किंवा नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे तरुण मुलांना स्पष्ट सांगून ठेवा. तेव्हा डबा असा हवा, की जो गरम करावा लागत नाही, सांडत नाही आणि ज्याला ताट लागत नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी चटणी, थालीपीठ, गुळाची पोळी, केळी. पातळ भाजी नको. एक रिकामी पिशवी कचऱ्याला. ती भरून घरी परत आणायची, आणि ती आणण्याचे काम कारखानिसाचे.

संध्याकाळी घरी आल्यावर डबे कोणी घासले, तेही वहीत लिहा. हो, लिहाच.

मधल्या रविवारी : पाण्याची परीक्षा

तिसऱ्या गडाआधी घरातच एक परीक्षा द्या. "आज्ञापत्र" नावाचा मराठेशाहीतला राजनीतीचा ग्रंथ आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या या ग्रंथात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात भर आहे तो पाण्यावर. आधी पाणी पाहा, मग गड बांधा. एका झऱ्यावर विसंबू नका, जादा टाकी खोदून ठेवा, असा त्याचा आशय. शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी कातळात खोदलेली आहेत. मालवणच्या सिंधुदुर्गाभोवती चहूकडे खारे पाणी. पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. त्या होत्या म्हणून 1664 मध्ये पाया घातलेला तो गड समुद्रात उभा राहून नांदला.

घरगाडीत टाकी मोजकीच असते. चार माणसांचा अंघोळी सोडून एका दिवसाचा हिशेब साधारण असा धरावा :

पिण्याला माणशी 3 लिटर, म्हणजे 12 लिटर.
स्वयंपाकाला 6 लिटर.
भांड्यांना 10 लिटर.
हात-तोंड धुण्याला माणशी 5 लिटर, म्हणजे 20 लिटर.
संडासला 12 लिटर.

बेरीज 60 लिटर. आपल्या न्हाणीघरातल्या 20 लिटरच्या तीन बादल्या. शिवाय हे 60 लिटर म्हणजे 60 किलो वजन, तेवढे ओझे घेऊन गाडी घाट चढणार.

आता एका रविवारी घरातले नळ बंद करा. तीन बादल्या मोजून ठेवा आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चौघांनी त्यात भागवून दाखवा. पाणी जपण्याचे शिक्षण आपल्या बायकांना कोणी द्यायला नको. ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्यावर आपण संसार केले आहेत. पण दाढी करताना नळ सोडून ठेवणाऱ्या यजमानांना आणि तासभर न्हाणीघरात रमणाऱ्या चिरंजीवांना ही परीक्षा फार उपयोगी पडते. दुपारी बारालाच दुसरी बादली संपली, तर कोणी ओरडायचे नाही. नुसते बादलीकडे बोट दाखवायचे.

तिसरा गड : शिवनेरी, एक मुक्काम

आता घरगाडी भाड्याने घ्या. घेताना पाटी पाहा. स्वतः चालवायची भाड्याची गाडी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे हवीत. चालकासह येणारी असेल तर पिवळ्या पाटीवर काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी "ओळखीतली आहे, स्वस्तात देतो" म्हणून देऊ लागला, तर सरळ नाही म्हणा. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणे कठीण. पहिल्या खेपेला चालकासहच घ्यावी, हे बरे. एवढी लांब-रुंद गाडी घाटात मागे घेणे हे एका दिवसात येणारे काम नव्हे.

कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट आणि जुन्नर असा रस्ता. पावसाळ्यात माळशेजला धुके असते, दरडी कोसळतात. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. 19 फेब्रुवारीची शिवजयंती मात्र टाळावी. त्या दिवशी तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही.

शिवनेरी म्हणजे महाराजांचे जन्मस्थान. पायथ्यापर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या आणि एकामागून एक सात दरवाजे. वर शिवाई देवी, अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार, गंगा-जमुना टाकी, जन्माची इमारत, बदामी तलाव. अंबरखान्यापाशी क्षणभर थांबा. जिजाबाईंनी या गडावर बाळंतपण केले, तेव्हा मुलूख दुष्काळाने होरपळत होता. पुढे 1636 मध्ये आपल्या शहापूरजवळच्या माहुलीला शहाजीराजांना वेढा पडला, तेव्हा जिजाबाई आणि बाळ शिवबाही तिथे होते, असे सांगतात. या गडावरून त्या गडावर बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे त्या माउलीने जाणले. आपण तर दोन रात्रींचे बिऱ्हाड हलवतो आहोत, तेही हौसेने. (माहुलीचा चढ मात्र उभा आणि दमवणारा आहे. तो मुलगा आणि त्याच्या मित्रांसाठी ठेवा.)

इथे घरगाडीचा खरा फायदा दिसतो, तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. सासूबाईंना पायऱ्या झेपत नाहीत. एरवी त्यांना घरी ठेवून जावे लागते, किंवा पायथ्याच्या टपरीत ताटकळत बसवावे लागते. घरगाडीत त्या पाय पसरून पडू शकतात, गरम चहा घेऊ शकतात, संडासची अडचण नाही. हे सुख लहान नाही. पण त्यांच्यापाशी कोणीतरी थांबलेच पाहिजे. आणि थांबायचे कोणी? या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर आधीच ठरलेले असते. ते बदला. सकाळी यजमान आणि मुलगा वर गेले, तर दुपारी तुम्ही आणि मुलगा, यजमान आईजवळ. गड पाहायला आलेल्या बाईने गड खालूनच पाहिला, असे होता कामा नये.

वर जाताना अत्तर, उग्र वासाचे तेल लावू नका आणि आरडाओरडा करू नका. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात.

रात्रीचा मुक्काम रस्त्याच्या कडेला करू नये. जुन्नर परिसरातल्या एखाद्या निवासाच्या आवारात, मालकाला विचारून, पैसे देऊन गाडी लावावी. राखण असते, पाणी भरता येते.

गॅस आणि शेगडी : यात हयगय नको

गाडीतला स्वयंपाक घरच्यासारखा समजू नका. चार नियम पाठ करा.

1. गाडी चालू असताना सिलिंडर रेग्युलेटरपाशी बंद. धावत्या गाडीत चहासुद्धा नाही.

2. स्वयंपाक करताना दार किंवा दोन खिडक्या उघड्या. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. वास आला की काडी नाही, दिव्याचे बटण नाही. आधी सगळ्यांनी बाहेर पडायचे.

3. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी गाडीत कधीही घेऊ नका. बंद जागेत कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपणेही तितकेच धोक्याचे.

4. घरचा मोठा सिलिंडर उचलून गाडीत टाकू नये. 5 किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, तो आणि चांगली नळी घ्यावी. तो उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा.

स्वयंपाकाचा नियम एकच : एक वेळ, एक कुकर. घरून खिचडीच्या पुड्या बांधून न्या. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ घरीच धुऊन सावलीत कापडावर कडकडीत वाळवावी. त्यात पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा जिरे, एक चमचा गोडा मसाला आणि बेताचे मीठ. पुडीवर लिहावे, "पाणी चार वाट्या, शिट्ट्या तीन." तांदूळ धुण्याचे पाणी वाचते आणि महत्त्वाचे म्हणजे ही खिचडी कोणीही लावू शकते. कोणीही! रवा भाजून उपम्याच्या पुड्याही तशाच करता येतात. मुक्कामाचा दुसरा दिवस तुम्ही ओट्याला हात लावायचा नाही, हे निघण्याआधीच ठरवून टाका. खिचडी थोडी लागली तर लागू द्या. लागलेली खिचडी खाऊन कोणी उपाशी राहिलेले नाही.

आणि संडासची टाकी? ती रिकामी करावी लागते, हे विकणारे लोक हळूच सांगतात. ती ओढ्यात, झाडीत, गडाच्या पायथ्याशी ओतणे हा शुद्ध अविचार आहे. खाली गाव आहे, गावाची विहीर आहे. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून संडासातच रिकामी करावी. हे काम कोणाचे, हेही आधी ठरवा. गाडीची हौस ज्याची, पहिली पाळी त्याची, असा न्याय मला तरी योग्य वाटतो.

चौथा गड : पन्हाळा, चार दिवस

शेवटची परीक्षा लांबची. कोल्हापूरच्या पुढे सुमारे 20 किलोमीटरवर पन्हाळा. वरपर्यंत गाडी जाते, गावच वर वसलेले आहे, म्हणून सासूबाईंनाही गड पाहता येतो. एका दिवसात तिथवर धाव घेऊ नका, साताऱ्या-कऱ्हाडकडे एक मुक्काम करा.

पन्हाळ्यावर अंबरखाना जरूर पाहा. गंगा, जमुना, सरस्वती अशी धान्याची तीन प्रचंड कोठारे. आत उभे राहिले की आपले डबे, बरण्या आणि माळ्यावरची कोठी आठवून हसू येते. 1660 मध्ये सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला. महाराज सुमारे चार महिने इथे अडकले होते आणि जुलैतल्या पावसाळी रात्री निसटले. त्या चार महिन्यांत तलवारीइतकाच कोठाराने गड राखला.

इंग्लंडातल्या त्या चुलत दिरांनाही हे कळवा. वेल्समध्ये इंग्रजांच्या पहिल्या एडवर्ड राजाने 1283 पासून जे दगडी किल्ले बांधले, त्यांतला हार्लेक हा कड्यावरचा किल्ला. 1294-95 मध्ये वेल्सच्या लोकांनी उठाव करून त्याला घेरले, तेव्हा समुद्राकडच्या जिन्याने अन्नसामग्री वर पोचत राहिली आणि किल्ला टिकला. आज समुद्र तिथून मागे हटला आहे, जिना मात्र आहे. देश कोणताही असो, गडाचा जीव कोठारात आणि पाण्यात. आपण बायका हे उगीच नाही जाणत.

चार दिवसांनंतर वहीची पाने उलटा. प्रत्येकाने खरे सांगायचे : झोप लागली का? भांडणे किती झाली आणि कशावरून? सासूबाई पुन्हा येतील का? तुम्ही स्वतः ताज्यातवान्या होऊन आलात, की आल्यावर दोन दिवस अंग धरून बसलात?

मग विकत घ्यायची का?

वहीने हो म्हटले तरी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली, जागा. आपल्या सोसायटीत स्कूटर लावायला वाद होतात. सहा मीटरची गाडी कुठे उभी राहणार? सोसायटीचे लेखी उत्तर आधी घ्या. बाहेर भाड्याने जागा घ्यावी लागली, तर ते भाडे बाराने गुणून पाहा.

दुसरी, कागद. साधी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये आत खाटा, ओटा बसवून घेणे म्हणजे गाडीच्या रचनेत बदल. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याला आर.टी.ओ.ची मंजुरी लागते आणि नोंदणीपुस्तकात नोंद लागते. "सगळे असेच करतात" यावर विसंबू नका.

तिसरी, पैसा. वर्षातून किती दिवस गाडी बाहेर पडणार, ते वहीवरून ठरवा. तेवढ्या दिवसांचे भाडे एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला किंमत, विमा, कर, दुरुस्ती, जागेचे भाडे. वर्षाला दहा-पंधरा दिवसच फिरणार असाल, तर भाड्याची गाडी आणि बँकेतली ठेव हीच जोडी बहुधा सुखाची ठरेल. निवृत्तीच्या पैशातून आधी औषधपाण्याची रक्कम, मग मुलाच्या लग्नाची आणि दोघांच्या म्हातारपणाची बाजूला काढा. उरलेल्यातून हौस. आणि ही मांडणी यजमानांनी एकट्याने करायची नाही. कागदावर दोघांच्या सह्या हव्यात, कारण शिदोरी दोघांची आहे.

हिशेब जुळला, तर मात्र मन मोडू नका. पन्नाशी-साठीनंतर नवऱ्याला बायकोला घेऊन गड पाहावेसे वाटतात, हीही काही वाईट गोष्ट नव्हे. ओटा एकटीचा नसेल, थांबण्याची पाळी सगळ्यांची असेल आणि किल्ल्यांपासून कोठारापर्यंतची कामे वाटलेली असतील, तर खुशाल निघा. निघताना कपाटाच्या दारावर चार कामदारांची यादी चिकटवा आणि तुमच्या नावापुढे या खेपेला "सरनोबत" लिहा. रस्ता कोणता घ्यायचा, ते तुम्ही सांगायचे.

पुढील आठवड्यात : वाळवणाचे दिवस आणि फ्लॅटमधली गच्ची.